दुसऱ्या भेटीला घरचं माणूस

बाई चांगल्या होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे ते सांगायची इच्छा राहीलच याची खात्री नाही.

औषधांच्या दुकानावर त्यांची खोली होती. जिन्याच्या तोंडाशी 'कौटुंबिक सल्ला केंद्र' अशी पाटी, आणि गल्लीभर त्यांचं नाव 'सल्लेवाल्या बाई'. तोंडावर मात्र सगळे नुसतंच 'बाई' म्हणत. खालचा औषधवाला गमतीने म्हणायचा, "तुमच्याकडून उतरलेलं माणूस सरळ माझ्याकडे येतं आणि डोकेदुखीची गोळी मागतं. असाच लोभ असू द्या." बाई हसायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तेव्हा एकतीस वर्षं लोकांचे संसार सांधण्यात त्यांनी आपला जीव रमवला होता. सासू-सुनेचं भांडण असो, दारूवाला नवरा असो, परीक्षेत नापास झालेली पोरगी असो, बाई सगळ्यांना सारखंच पाणी देत, सारखंच ऐकून घेत आणि घड्याळाकडे कधी बघत नसत.

खोलीत एक टेबल आणि तीन खुर्च्या. बाहेर जिन्याच्या वरच्या टोकाला एक लांब बाक, आणि मधे दुधी काचेचं दार. त्या काचेतून पलीकडचं माणूस नुसतं सावलीसारखं दिसे. तीन खुर्च्या कशाला, तर बाईंचा नियम होता: पहिली भेट एकट्याने, दुसऱ्या भेटीला घरचं माणूस घेऊन यायचं. नाही आणलं तर बाई स्वतः निरोप पाठवून बोलावून घेत. "एकट्याचं ऐकून कुणाचा संसार उभा राहतो का?" असं त्यांचं म्हणणं. आलेल्या माणसाने कितीही बजावलं की हे कुणाला सांगू नका, तरी बाईंच्या लेखी 'कुणाला' म्हणजे शेजारी, ऑफिसातले, गावभरचे लोक. घरचे त्यात येतच नव्हते. घरचे म्हणजे परके थोडेच!

आणखी एक सवय. प्रत्येकाचं एक कार्ड असे, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात उभं लावलेलं. आधी सगळं ऐकायचं, नाव-पत्ता मग लिहायचा, म्हणजे माणूस मोकळं बोलतं. आणि प्रकरण संपलं की कार्डाच्या तळाशी एकच शब्द: 'मिटलं'. त्याखाली पट्टी लावून सरळ रेघ. त्या रेघेवर बाईंचा फार जीव.

त्या मंगळवारी सकाळी एक बाईमाणूस आलं. पंचेचाळिशीची, नीटनेटकी, अंगात राखाडी रंगाचा कोट. कोट इतका अंगासरसा बसलेला की बाईंची नजर आधी त्याच्याकडे गेली. ती खुर्चीच्या टोकावर बसली, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून.

"हे आपल्या दोघींतच राहील ना?" तिने विचारलं.

"राहील की. बोला."

"तक्रार अशी काही नाहीये. आमचे हे फार चांगले आहेत. तीच तक्रार आहे म्हणा."

बाई हसल्या. ती नाही हसली.

"कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. मी आजारी पडले तर उशाशी बसून राहतात. माझे सगळे कपडे स्वतः शिवतात, हा कोटसुद्धा. पण बाई, बावीस वर्षांत त्यांनी माझं माप तेवढं घेतलं. टेप लावून. त्यापलीकडे हात लावला नाही." तिने मांडीवरची पिशवी सरळ केली. "सुरुवातीला वाटलं, लाजतायत. मग वाटलं, माझ्या अंगाला वास येत असेल. दिवसातून दोनदा आंघोळ करायचे. मग वाटलं, रंग. मग वाटलं, मी बोलते जास्त. गप्प राहून बघितलं. आता वय झालं, आता काही होणार नाही, ते कळतं मला. मला फक्त एकदा कळू द्या, माझ्यात काय कमी होतं. तुम्ही इतकी माणसं पाहिलीत. बघून सांगा."

असं म्हणून ती खरोखरच ताठ बसली. डॉक्टरपुढे बसतात तशी.

बाईंचं लक्ष अडकलं होतं ते 'शिवतात' या शब्दापाशीच. त्यांनी विचारलं, "दुकान आहे का त्यांचं?"

"हो ना. घड्याळाच्या चौकातून आत वळलं की डावीकडे. दोन मशिनी आहेत. एकीवर हे बसतात, दुसरी झाकून ठेवलीय. दर शनिवारी तिला तेल घालतात, पुसतात, परत झाकतात. मी एकदा गंमत म्हणून तिच्यावर बसले, तर आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले." ती थोडं थांबली. "सासूबाई असत्या तर त्यांना विचारलं असतं. त्याच जाताना सांगून गेल्या, कधी अडलंनडलं तर सल्लेवाल्या बाईंकडे जा, त्यांनी आपलं घर वाचवलंय."

नाव विचारायची गरजच उरली नाही. ते कार्ड डब्यात होतं. तळाशी रेघ मारलेलं.

बावीस वर्षांपूर्वी एक चोवीस वर्षांचा शिंपी त्याच खुर्चीवर बसला होता. बोटांना खडूची पूड लागलेली. त्यानेही आधी तेच विचारलं होतं, हे तुमच्या-माझ्यातच राहील ना, आणि बाई "राहील" म्हणाल्या होत्या. मग त्याने सांगितलं. दुकानात शेजारच्या मशीनवर काज-बटणं करणारा एकजण होता, सगळे त्याला काजवाला म्हणत. चार वर्षं दोघं एकाच बाकावर डबा खात होते. शिंप्याने कोट शिवायचा, काजवाल्याने त्याची काजं करायची, एका कोटावर दोघांचा हात. "मला दुसरं कुणी नकोय बाई," तो म्हणाला होता, "आणि घरचे मुली बघतायत. एखाद्या मुलीचं वाटोळं करायचं नाहीये मला. घरी कसं सांगू, तेवढं शिकवा. मला माझ्या तोंडाने सांगायचंय."

केवढा शहाणा मुलगा! सगळं त्यालाच कळत होतं. त्याला फक्त वाक्यं हवी होती.

बाईंनी त्याला पाणी दिलं, धीर दिला, पुढच्या आठवड्याची वेळ दिली. आणि नियमाप्रमाणे त्याच्या आईला आणि थोरल्या भावाला निरोप पाठवला. तो आला तेव्हा ती दोघं आधीच आत बसलेली. त्याला बाहेर बाकावर बसवून बाईंनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मायेने सांगितलं, शब्द जपून सांगितलं. रागावू नका, पोराचा काही दोष नाही, असंही सांगितलं. आईने डोळे पुसून एकच विचारलं, "लग्न झालं की सुधारेल का हो?" आणि बाई म्हणाल्या, "वेळ द्या. बहुतेक होतं ठीक." हे 'बहुतेक' त्यांनी कुठून आणलं ते देव जाणे. कुठल्या पुस्तकात नव्हतं, कुणाच्या अनुभवात नव्हतं. समोर आई रडत होती आणि तिला काहीतरी द्यायचं होतं, म्हणून दिलं.

दुधी काचेपलीकडची सावली तेवढा वेळ हललीसुद्धा नाही.

तिथून उठून भाऊ तडक दुकानात गेला. भर दुपारी, गिऱ्हाइकांदेखत त्याने काजवाल्याला काय काय ऐकवलं ते चौकाला पुढे महिनाभर पुरलं. संध्याकाळच्या आत काजवाला गाव सोडून गेला, आपली कात्रीसुद्धा न घेता. तीन महिन्यांत लग्न झालं. बाईंना आग्रहाचं बोलावणं होतं, मानाची खुर्ची होती. बाई पोटभर जेवल्या, घरी आल्या, डबा उघडला, कार्ड काढलं आणि लिहिलं, 'लग्न झालं. मिटलं.' आणि पट्टी लावून रेघ मारली.

बाईंना यातलं काहीच कळत नव्हतं असंही नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांना एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. शिकवणारी त्यांच्या भाचीच्या वयाची. ती फळ्यासमोर उभी राहून स्पष्ट म्हणाली, पुरुषाचा पुरुषावर जीव जडणं हा आजार नाही, तो बरा करायला जाणं हा सल्ला नाही, आणि माणसाने विश्वासाने सांगितलेलं त्याला न विचारता त्याच्या आईलाही सांगायचं नाही. बाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी सगळं सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतलं. त्यांना एक कार्ड आठवलं, हात थांबला. तेवढ्यात चहाची सुट्टी झाली. बाईंनी चहा घेतला, दोन बिस्किटं घेतली, आणि परत आल्यावर नवीन पान उघडलं.

आता ते कार्ड समोर कोट घालून बसलं होतं. नाही, ते कार्डसुद्धा नव्हतं. हिचं कार्ड कधी कुणी केलंच नव्हतं.

"तुमच्यात काही कमी नाही," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

"मग कुणात?"

खरं सांगावं तर ते गुपित दुसऱ्याचं, आणि या वेळी बाईंना वहीतलं पान न् पान आठवत होतं. न सांगावं तर ही समोर बसलेली बाई उद्यापासून पुन्हा आरशासमोर उभी राहणार. एका शब्दाने तिची सुटका झाली असती, आणि तो शब्द द्यायचा हक्क बाईंना नव्हता.

"तुमचा नियम आहे म्हणे," ती उठता उठता म्हणाली, "पुढच्या भेटीला घरच्यांना आणायचं. आणू का यांना?"

"नको!" बाई एकदम म्हणाल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

ती बघत राहिली. मग हळूहळू मान डोलावली. "म्हणजे तुम्हालाही वाटतंय, दोष माझाच आहे," ती म्हणाली. पुढच्या मंगळवारी येते असं सांगून ती जिना उतरली. औषधवाल्याकडे ती थांबली नाही.

दुपारी बाईंना घास जाईना. तसं बघितलं तर वाट सरळ होती. हे काम माझ्याच्याने होणार नाही, मी यात गुंतलेली आहे, असं सांगून तिला दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं, एवढंच. पण बाईंना चूक निस्तरायची होती, आणि तीही आजच्या आज, स्वतःच्या हाताने. चप्पल पायात घातली आणि निघाल्या घड्याळाच्या चौकाकडे.

दुकान एवढंसं. आत शिलाईच्या दोऱ्यांच्या रिळांची फळी, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल. शिंपी दारातल्या उजेडाला बसून एका कोटाला हाताने काजं करत होता. केस पांढरे झालेले, चष्मा नाकावर उतरलेला. शेजारचं मशीन स्वच्छ फडक्याखाली झाकलेलं.

"या बाई," तो म्हणाला. उठला, स्टूल पुसून दिलं. "कोट शिवायचाय?"

"नाही. माफी मागायला आले."

त्याने पुन्हा सुई हातात घेतली. "हं," म्हणाला.

बाई बोलायला लागल्या. तेव्हा मला कळलं नाही, माझं चुकलं, तुझा विश्वास मी मोडला, असं सगळं. त्याने मधे तोडलं नाही. काजाच्या कडेने टाके घालत राहिला, एकाला एक चिकटून. शेवटी बाईंनी विचारलं, "काजवाला कुठे असतो आता?"

"माहीत नाही. शोधायला जायचं तर घरी काय सांगून जाणार?" त्याने झाकलेल्या मशीनकडे बघितलं. "आलाच कधी, तर मशीन जाम झालेली नको."

बाईंना भडभडून आलं. आणि त्या भरात, मनापासून, कळवळून, त्या म्हणाल्या, "अरे, पण तिचा तरी विचार कर. ती स्वतःला दोष देतेय. आज सकाळी माझ्यासमोर बसून म्हणाली, माझ्यात काय कमी आहे ते बघून सांगा. तिला सांग रे एकदा."

सुई थांबली.

"ती तुमच्याकडे आली होती?"

बाईंनी जीभ चावली. पण तोवर जे जायचं ते तोंडातून गेलं होतं.

"मला बोलली नाही ती," तो म्हणाला. "सकाळी म्हणाली, बटाटे आणायला जाते." मग त्याने चष्मा काढला आणि पहिल्यांदा बाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "बाई, तिने विचारलं असेल ना, हे आपल्यातच राहील ना म्हणून?"

"विचारलं."

"काय म्हणालात?"

"राहील म्हणाले."

तो चिडला असता तर बरं झालं असतं, बाईंना तेवढाच आधार झाला असता. "तुम्ही वाईट नाही हो," तो शेवटी म्हणाला. "मी त्या बाकावर बसलो होतो तेव्हाही मला वाटलं होतं, बाई वाईट नाहीत. आई रडली तेव्हा तुमचा हात तिच्या पाठीवर गेला, काचेतून दिसलं मला. पण तुम्हाला दया आली ना, की तुमच्या पोटात काही राहत नाही." त्याने हातातलं काज पुरं केलं, दोरा तोडला. "जा तुम्ही. मी सांगतो तिला. बावीस वर्षं रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. घाबरलो, ते माझं पाप, ते तुमच्या माथी मारत नाही. आता मात्र तिच्याकडे तुम्ही जाऊ नका. निदान हे तरी माझ्या तोंडाने होऊ द्या."

बाई घरी आल्या त्या आठवडाभर आजारी असल्यासारख्या पडून होत्या. तरी मंगळवारी खोली उघडली, टेबल पुसलं, पाण्याचा तांब्या भरला.

ती आली. एकटीच. तोच राखाडी कोट. या वेळी खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसली.

"त्याने सांगितलं," ती म्हणाली. आज पहिल्यांदा ती नवऱ्याला 'तो' म्हणत होती, मित्राबद्दल बोलावं तसं. "सगळं. जेवणं तशीच राहिली ताटात. तो रडला, मग मी रडले, मग मीच उठून त्याला पाणी दिलं. वेडा आहे. आधी सांगितलं असतं तर मीच गेले असते त्याच्या माणसाला शोधायला. आता मी बहिणीकडे चाललेय राहायला. भांडून नाही. त्याने माझी बॅग भरून दिली, कपड्यांच्या घड्या त्याच्याइतक्या सरळ मला येत नाहीत." ती जराशी हसली आणि ते हसू तसंच विरलं. "त्याच्यावर रागावता येत नाही. सासूबाई वारल्या. म्हणून तुमच्याकडे आले."

"तुमचा राग खरा आहे," बाई म्हणाल्या.

"थांबा. तुमचं ते पुस्तकी बोलणं नको." तिने पिशवी टेबलावर ठेवली. "लग्नात सासूबाईंनी तुम्हाला हात धरून पुढे आणलं होतं. म्हणाल्या, यांच्यामुळे आज हा दिवस दिसला. मला वाटलं, तुम्हीच स्थळ सुचवलं असेल. मी वाकून नमस्कार केला तुम्हाला. तुम्ही माझ्या गालावरून हात फिरवलात आणि म्हणालात, 'सुखी राहा.' तेवीस वर्षांची होते मी. आणि तुम्हाला माहीत होतं."

बाईंना ते आठवेना. जेवण आठवत होतं, मानाची खुर्ची आठवत होती, नवऱ्यामुलाचं खाली घातलेलं तोंड आठवत होतं. नवरीचा चेहरा काही केल्या आठवेना. तो गाल त्यांच्या हाताखालून गेला होता आणि त्यांनी तो पाहिलाच नव्हता.

"मला ते कार्ड दाखवा," ती म्हणाली. "त्याचं. तो म्हणाला, तुम्ही सगळं लिहून ठेवता. त्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय, एवढंच बघायचंय. एखादी ओळ असेल ना?"

डबा टेबलावरच होता. बाईंचा हात झाकणापर्यंत गेला. आत काय आहे ते त्यांना पाठ होतं. तिचं नाव नव्हतं, तिच्याबद्दल शब्द नव्हता. एक 'लग्न झालं' आणि एक रेघ. दाखवावं, तिच्या पायाशी ठेवावं, रडून मोकळं व्हावं असं त्यांना फार वाटलं. दया तर इतकी आली होती की छाती दुखत होती.

बाईंनी हात मागे घेतला.

"नाही दाखवता येणार," त्या म्हणाल्या. "ते त्याचं आहे. त्याला विचारल्याशिवाय नाही."

समोरची बाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातूनच ती हसली.

"आता?" ती म्हणाली. "आता होय बाई?"

तिने कोटाची बटणं खालून वरपर्यंत लावली, पिशवी उचलली आणि दार उघडं टाकून निघून गेली. जिन्यात तिची पावलं वाजली आणि थांबली. ती खाली औषधवाल्याकडे डोकेदुखीची गोळी मागत होती.